अविश्रांत वाटसरू : महर्षी अण्णासाहेब कर्वे

वर्ष सरत आले म्हणजे शाळेत हिशेबाचे दिवस सुरू होतात. प्रगतिपुस्तके भरली जातात, बक्षीससमारंभाच्या याद्या तयार होतात आणि वार्षिकाची पाने जुळविताना गेल्या वर्षात आपण काय काय केले याची उजळणी होते. अशा वेळी एक प्रश्न आमच्यापुढे नेहमी उभा राहतो. केलेल्या कामाकडे मागे वळून पाहावे की पाहू नये? मागे पाहणाऱ्यांचा एक वर्ग आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. वाडवडिलांनी तूप खाल्ले म्हणून आमच्या हाताचा वास घ्या, असे सांगत फिरणाऱ्यांचा तो वर्ग होय. त्यांचा मागचा पराक्रम त्यांच्या पायांतील बेडी होऊन बसतो. परंतु मागे पाहण्याची आणखी एक रीत आहे. घाट चढणारा वाटसरू वळणावर क्षणभर थांबतो, खाली दिसणारी वाट डोळ्यांनी मोजतो, एवढी चढलो तर उरलेलीही चढू असे मनाशी ठरवितो आणि पुन्हा चालू लागतो. ही दुसरी रीत ज्यांनी एकशेचार वर्षांच्या आयुष्यात अखंड पाळली, त्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र आम्ही येथे याच दृष्टीने सांगणार आहोत.

अण्णासाहेबांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी त्यांच्या आजोळी, रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या गावी झाला. त्यांचे मूळ गाव दापोलीजवळचे मुरूड. कर्व्यांचे घराणे एके काळी संपन्न होते. बडोद्याच्या गायकवाडांशी त्यांची सावकारी देवघेव होती. परंतु अण्णांच्या जन्मापर्यंत ती संपत्ती लयाला गेली होती आणि वडील केशवपंत बेताच्या नोकरीवर संसार चालवीत होते. गायकवाडांकडून ब्राह्मणांना दक्षिणा मिळण्याचा एक प्रसंग आला, तेव्हा आईने मुलाला ती घेण्यास जाऊ दिले नाही. ज्यांना आपल्या पूर्वजांनी कर्ज दिले त्यांच्यापुढे आपण हात पसरावयाचा नाही, हा तिचा बाणा होता. घरात पैशाची चणचण असताना तिने हे केले हे ध्यानात घेतले पाहिजे. गतवैभवाची आठवण बढाईसाठी वापरता येते, तशी स्वाभिमानाने कष्ट करण्यासाठीही वापरता येते, हा धडा अण्णांना असा घरातच मिळाला.

गावच्या शाळेत त्यांना सोमण गुरुजी लाभले. गावाच्या हितासाठी काही करावे, ही वृत्ती या गुरुजींनी त्यांच्यात रुजविली. देवळात बसून गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचे काम हा विद्यार्थी आवडीने करी. गावासाठी भागीदारीने काढलेल्या दुकानातही त्याने काम केले. ते दुकान पुढे बुडाले. परंतु चार माणसांनी थोडे थोडे एकत्र केले तर काहीतरी उभे राहते, ही खूणगाठ त्याच्या मनात कायमची बसली.

यानंतरचा प्रसंग कोकणातील मुलांना आजही मोठ्या अभिमानाने सांगितला जातो. १८७५ साली मराठी सहावीच्या परीक्षेस बसण्यासाठी अण्णा आणि त्यांचे काही सोबती मुरुडाहून साताऱ्यास निघाले. पावसाळ्यामुळे समुद्रमार्ग बंद होता. म्हणून पाठीवर सामान घेऊन, भर पावसात, कुंभार्ली घाट चढून शंभराहून अधिक मैलांची वाट त्यांनी चार दिवसांत पायी तुडविली. परीक्षेस बसण्यासाठी सतरा वर्षे पूर्ण झालेली असणे आवश्यक होते. अण्णांनी ती केव्हाच पूर्ण केली होती. परंतु देहयष्टी लहानखुरी पडली. परीक्षा समितीच्या प्रमुखांना हा मुलगा सतरा वर्षांचा वाटेना आणि त्यांनी त्याला परीक्षेस बसू दिले नाही. एवढी पायपीट व्यर्थ जाऊन हिरमुसल्या मनाने परतावे लागले.

आम्हांस या प्रसंगात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते त्यापुढील वर्ष. अनेकदा ही गोष्ट साताऱ्यापाशीच संपविली जाते. वस्तुतः पुढच्याच वर्षी, १८७६ साली, अण्णांनी कोल्हापुरास जाऊन तीच परीक्षा दिली आणि ते उत्तीर्ण झाले. साताऱ्याची वाट फुकट गेली असे जगाने म्हटले असेल. पण एकदा घाट चढलेल्या पायांना दुसऱ्या वाटेचे भय उरत नाही.

पुढील शिक्षण असेच रखडत, परंतु न थांबता झाले. रत्नागिरी, मग मुंबई. वयाच्या तेविसाव्या वर्षी, १८८१ साली, ते मॅट्रिक झाले. ज्या वयात आजचे विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतात, त्या वयात त्यांनी महाविद्यालयात पाऊल टाकले. शिकवण्या करून शिकत १८८४ साली त्यांनी गणित विषय घेऊन बी. ए. ची पदवी मिळविली. त्यानंतर मुंबईतील निरनिराळ्या शाळांतून आणि खासगी शिकवण्यांतून पहाटेपासून रात्रीपर्यंत ते शिकवीत असत. मिळकत वाढली, तसा मुरूडच्या हितासाठी त्यांनी एक फंड उभारण्यास आरंभ केला आणि आपल्या प्राप्तीतील ठरावीक अंश ते नियमाने त्यात टाकू लागले.

१८९१ साल त्यांच्या आयुष्यात दुःख आणि संधी अशा दोन्ही गोष्टी घेऊन आले. पत्नी राधाबाई वारल्या. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक झाले. लोकमान्य टिळक तेथून बाहेर पडल्यामुळे ती जागा रिकामी झाली होती.

त्या काळी विधुर पुरुषाने एखाद्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीशी लग्न करणे ही नित्याची गोष्ट होती. विधवेला मात्र तो हक्क नव्हता. अण्णांनी विवाह करावयाचा तर विधवेशीच करावयाचा असे ठरविले, आणि ११ मार्च १८९३ रोजी मित्र नरहरपंत जोशी यांची विधवा बहीण गोदूबाई हिच्याशी त्यांनी पुनर्विवाह केला. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी होती. विवाहानंतर त्यांचे नाव आनंदीबाई झाले. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखू लागला. या विवाहाची शिक्षा अण्णांना त्यांच्या लाडक्या मुरुडाने दिली. गावाने सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्या गावासाठी त्यांनी पैपैसा साठविला, त्याच गावात सख्ख्या आईच्या घरी उतरणेही त्यांना कठीण झाले. तथापि त्यांनी गावाशी वैर धरले नाही. त्यांनी मनाशी एवढेच ताडले की एका विवाहाने समाज बदलत नाही. ज्या विधवा विवाह करू इच्छीत नाहीत किंवा करू शकत नाहीत, त्यांना स्वतःच्या पायांवर उभे राहण्यासाठी विद्या दिली पाहिजे.

या विचारातून १४ जून १८९६ रोजी अनाथ बालिकाश्रम मंडळीची स्थापना झाली. १९०० साली प्लेगच्या भयामुळे आश्रम पुण्याबाहेर हिंगण्यास गेला. तेथे माळरानावर एक झोपडी, एवढीच इमारत होती. महाविद्यालयातील तास आटोपले की अण्णा सामानसुमान खांद्यावर टाकून हिंगण्याची वाट धरीत. रस्ता नव्हता, पावसाळ्यात चिखल तुडवीत जावे लागे. तेथे शिकवावे, आश्रमातील स्त्रियांची विचारपूस करावी आणि पुन्हा पुण्यास यावे, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे चालला.

या थोर कार्याची किंमत कोणी दिली हेही सांगितले पाहिजे. नाहीतर चरित्राला एकांगीपणा येतो. अण्णांनी आपली पाच हजार रुपयांची विम्याची पॉलिसी आश्रमास देऊन टाकली. घरात लहान मुले असताना उद्याचा आधार असा हातचा जावा, याचे बायांना अतिशय दुःख झाले. शिवाय, आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार होतो असा संशय लोकांनी घेऊ नये म्हणून बायांना बराच काळ आश्रमाच्या कामापासून दूर राहावे लागले. ज्या स्त्रीशी विवाह केल्यामुळे हे कार्य सुचले, तिलाच त्याच्या उंबरठ्याबाहेर थांबावे लागावे, हा केवढा दैवदुर्विलास! बायांनी हे सारे पुढे आपल्या ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले आहे. अण्णांच्या यशाची बेरीज मांडताना त्यात बायांच्या त्यागाचा आकडा मिळविल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही, असे आम्हांस वाटते. बायांच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले याही आश्रमात शिकल्या आणि आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत दूरदूर हिंडल्या. त्या अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या.

१९०७ साली हिंगण्यास महिला विद्यालय निघाले, कारण शिक्षणाची गरज विधवांपुरती नव्हती. १९१४ साली अण्णा फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. १९१५ साली त्यांनी आपले ‘आत्मवृत्त’ प्रसिद्ध केले. त्या वेळी त्यांचे वय सत्तावन्न वर्षांचे होते. आता मनाशी कल्पना करा. तेवीस वर्षे अध्यापन झालेले, माळावर एक संस्था वसविलेली, बहिष्काराची जागा आदराने घेतलेली, आणि हाती स्वतःच्या जीवनाची लिहून पुरी झालेली कहाणी. सामान्य मनुष्याने येथे समाधानाने आरामखुर्ची जवळ केली असती. त्याला कोणी नावेही ठेवली नसती.

अण्णांचे मन मात्र या सिंहावलोकनाने स्वस्थ होण्याऐवजी अधिक बेचैन झाले असावे. त्याच वर्षी जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्याकडे आली होती. प्रथम ती त्यांनी बाजूस ठेवली. पुढे मुंबईस भरणाऱ्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा भाषणाच्या तयारीत ती पुन्हा हाती घेतली आणि विचारांना दिशा मिळाली. डिसेंबर १९१५ मध्ये त्यांनी त्या परिषदेत स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ असावे, असा विचार मांडला. अनेकांना हा वेडेपणा वाटला. मुलींच्या शाळांचीच जेथे वानवा, तेथे विद्यापीठ कसले? परंतु झोपडीतून विद्यालय झालेले ज्याने स्वतः पाहिले होते, त्याला विद्यालयातून विद्यापीठ होणे अशक्य का वाटावे? पाठीमागे जमा असलेले काम येथे उपयोगी पडले. ते अभिमानाची वस्तू म्हणून मिरविले गेले नाही. ते धीर म्हणून खर्ची पडले.

१९१६ साली विद्यापीठ सुरू झाले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे विद्वान त्याच्या पाठीशी उभे राहिले. पहिल्या वर्षी महाविद्यालयात बोटांवर मोजता येतील इतक्याच विद्यार्थिनी होत्या. या विद्यापीठाचे एक वैशिष्ट्य आपल्या शाळेतील मुलामुलींनी विशेष ध्यानात ठेवावे. उच्च शिक्षण इंग्रजीतूनच झाले पाहिजे असा समज रूढ असताना येथे ते मातृभाषेतून देण्याचे ठरले. त्याबरोबर इंग्रजी हा विषय मात्र आवश्यक ठेवण्यात आला. महात्मा गांधींना इंग्रजी ऐच्छिक असावे असे वाटत होते. परंतु अण्णांनी आपले मत नम्रपणे कायम ठेवले, आणि गांधीजींनीही आपला पाठिंबा काढून घेतला नाही. स्वभाषेत पाय रोवून परभाषेशी ओळख करून घ्यावी, हे सूत्र मराठी मुलखाच्या सीमेवर आणि सीमेपलीकडे मराठी शाळा चालविणाऱ्या आम्हां लोकांना आजही मार्गदर्शक आहे. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ पंधरा लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव मिळाले.

तरीही अण्णा थांबले नाहीत. १९२९ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ते परदेशप्रवासास निघाले. युरोप, अमेरिका आणि शेवटी जपान असा तो प्रवास झाला. बर्लिनमध्ये त्यांची आइन्स्टाइनशी भेट झाली. ज्या जपानी विद्यापीठाविषयी पुस्तिकेत वाचले होते, ते त्यांनी आता प्रत्यक्ष पाहिले. परत आल्यावर लवकरच ते आफ्रिकेस गेले आणि तेथील हिंदी वस्त्यांतून हिंडून विद्यापीठासाठी निधी जमवून आले.

१९३६ साली त्यांनी इंग्रजीत आपले दुसरे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्याचे नाव ‘लुकिंग बॅक’, म्हणजे मागे वळून पाहताना. वय होते अठ्ठ्याहत्तर. पुन्हा तोच प्रसंग आणि पुन्हा तोच परिणाम! ज्या वर्षी हे पुस्तक निघाले त्याच वर्षी त्यांनी महाराष्ट्र ग्रामप्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. शहरांत शाळा झाल्या, विद्यापीठ झाले. परंतु ज्या खेड्यांत एकही शाळा पोहोचली नाही तेथील मुलांचे काय, हा प्रश्न त्यांना अस्वस्थ करीत होता. स्वतःच्या सत्तर रुपयांच्या निवृत्तिवेतनातील पंधरा रुपये दरमहा बाजूला काढून त्यांनी या कार्याचा श्रीगणेशा केला आणि पुण्याच्या रस्त्यांवरून घरोघर जाऊन वर्गणी मागितली. ज्याच्या संस्थेस पंधरा लक्षांची देणगी मिळाली होती, तो वृद्ध पुन्हा चार-आठ आण्यांसाठी लोकांची दारे ठोठावीत होता, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता. त्या मंडळाने पुढे अनेक खेड्यांत शाळा चालविल्या.

१९४४ साली, शहाऐंशीव्या वर्षी, त्यांनी समता संघ स्थापन केला. येथे एक गोष्ट स्पष्टपणे नमूद केली पाहिजे. आश्रमाच्या आरंभीच्या काळात त्याचा लाभ मुख्यतः ब्राह्मण आणि वरिष्ठ मानल्या गेलेल्या जातींतील स्त्रियांनाच मिळत होता, आणि त्याबद्दल टीकाही झाली होती. जातिभेद मोडून माणसामाणसांत समता नांदावी, हे कार्य त्यांनी शेवटी हाती घेतले, तेव्हा आपल्या जुन्या कामाची मर्यादा त्यांना दिसली असली पाहिजे, असे आम्ही समजतो.

हे सारे टप्पे एका ओळीत मांडून पाहिले म्हणजे अण्णांच्या मागे वळून पाहण्याचे मर्म उलगडते. ते गणिताचे अध्यापक होते आणि हिशेबाला चोख होते. हिशेबाच्या वहीला दोन बाजू असतात. जमेच्या बाजूने त्यांना धीर दिला : सातारा हुकले तरी कोल्हापूर साधले, झोपडी उभारली तर विद्यालय झाले, विद्यालय झाले तर विद्यापीठ झाले. येणे बाकीच्या बाजूने त्यांना दिशा दिली : विधवा शिकल्या, पण इतर मुली राहिल्या, मुली शिकल्या, पण खेडी राहिली, खेड्यांत शाळा गेली, पण जातीची भिंत राहिली. केवळ जमा पाहणारा मनुष्य तेथेच बसून राहतो आणि केवळ बाकी पाहणारा निराश होतो. दोन्ही बाजू वाचणारा चालत राहतो.

सन्मान उशिरा, परंतु उदंड आले. काशी, पुणे, मुंबई आणि त्यांच्या स्वतःच्या महिला विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदव्या दिल्या. १९५५ साली पद्मविभूषण आणि १९५८ साली, शंभरी पूर्ण झाली त्या वर्षी, भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान त्यांना मिळाला. बाया ते पाहावयास नव्हत्या. १९५० साली त्यांचे देहावसान झाले होते. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात अण्णांची जीवनयात्रा संपली. सतरा वर्षांचा न दिसणारा तो मुलगा एकशेचार वर्षे जगला होता.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या वहीतही या वर्षाच्या दोन्ही बाजू लिहिलेल्या असतील. कोणाला बक्षीस मिळाले असेल, कोणाचे एका गुणाने हुकले असेल. ज्याला मिळाले त्याने ते कपाटात ठेवून, अजून काय येत नाही हे पाहावे. ज्याचे हुकले त्याने, आपण येथवर कोणता घाट चढून आलो हे आठवावे. पहिलीत अक्षर गिरविताना थरथरणारा हात आज निबंध लिहितो, ही काही लहान चढण नव्हे. आणि दोघांनीही एक तिसरे नाव वहीत लिहून ठेवावे : आपल्या शिक्षणासाठी घरात ज्याने स्वतःची काही इच्छा मागे ठेवली त्याचे. अण्णासाहेबांच्या आणि बायांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून आम्ही हा लेख पुरा करतो.